चीजचं नाक

कर्रर्र.

सलामीच्या, म्हणजे सुकवलेल्या मांसाच्या, कापांचं पाकीट मी अगदी बेताने, श्वास रोखून उघडत होते, तरी त्याचा कागद वाजलाच. हात तसाच हवेत धरून मी उभी राहिले. आतल्या खोलीत धाकटा कुशीवर वळला, एक उसासा टाकला आणि पुन्हा शांत झाला. सहा महिन्यांच्या या गृहस्थांना दारावरची बेल ऐकू येत नाही, पण खाऊचं पाकीट उघडलं की ते भिंतीपलीकडून ओळखतात. हा कान बापाकडून आलाय.

ओट्याशी स्टुलावर उभ्या असलेल्या भुंगाने डोळे वटारले. भुंगा म्हणजे माझी थोरली. पाच वर्षांची आहे आणि दिवसभर काहीतरी गुणगुणत असते. मुलीला भुंगा काय म्हणता, असं लोक विचारतात. दोन दिवस आमच्याकडे राहिले की विचारायचे थांबतात.

"उठला?" तिने विचारलं.

"नाही. हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. तूच वाजवलंस, मम्मा."

संध्याकाळी आई येणार होती आणि तिच्याबरोबर चष्मेवाले. आईच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे, ते चालवणारे गृहस्थ. बाबा गेल्यानंतर आई बराच काळ कुणाबद्दलच काही बोलायची नाही. मग हळूहळू तिच्या बोलण्यात चष्मेवाले यायला लागले. चष्म्याची दांडी सैल झाली, चष्मेवाल्यांनी बसवून दिली. चष्मा घसरत होता, चष्मेवाल्यांनी नाकावरची पट्टी बदलली. एकाच चष्म्याला एवढी दुरुस्ती कशी लागते, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण अंगावरचं बाळ असलं की प्रश्न पडत नाहीत, आपणच पडतो, मिळेल तिथे.

"एकटेच असतात गं. बोलव ना एकदा," आई म्हणाली, तेव्हाही मी एवढंच म्हटलं, की जेवण करायला मला जमणार नाही, पाट लावते.

आमच्याकडे पाट म्हणजे चीज आणि सुकवलेल्या मांसाचे काप मांडायची लाकडी फळी. बाबांनी ती घरी आणली तेव्हा आई म्हणाली होती, ही फळी कसली, दोन माणसं बसतील असा पाट आहे हा. तेव्हापासून पाहुणे यायचे असले की 'आज पाट लावू' असंच आम्ही म्हणतो. बाबा गेल्यावर आईने घर आवरलं तेव्हा पाट माझ्याकडे आला. त्याच्यावर सुऱ्यांचे इतके चरे आहेत की नव्या माणसाला ती नक्षी वाटते.

चीज मी आधीच फ्रिजबाहेर काढून ठेवलं होतं. गारठलेल्या चीजला चव नसते. झोपेतून उठवून आणलेल्या पाहुण्यासारखं ते नुसतं बसून राहतं. तीन आणली होती. एक जुनं, कडक, ज्याचे तुकडे सुरीने कापायचे नसतात, टोकाने उचकटायचे असतात. एक निळ्या शिरांचं, ज्याला भुंगा मोज्यांचं चीज म्हणते. आणि एक मऊ, पांढऱ्या सालीचं, मोठ्या गोल चकतीतून कापून घेतलेला त्रिकोण. तिन्ही पाटावर लांब लांब ठेवली. चीज एकमेकांना चिकटली की वासांची भांडणं होतात. मधल्या जागेत अक्रोड, ऑलिव्ह, व्हिनेगरमधल्या बारक्या काकड्या, आणि कोपऱ्यात द्राक्षं. सलामीची फुलं करायचं काम भुंगाकडे होतं: कपाच्या कडेवर एकावर एक काप दुमडत जायचे आणि मग कप उलटा करायचा. तिची पहिली दोन फुलं फुलांसारखी झाली. तिसरं तिने खाल्लं.

"ते कोमेजलं होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन थरथरला. मी झडप घालून उचलला. आत्या होती, बाबांची थोरली बहीण.

"काय चाललंय गं?"

"काही नाही आत्या. पाट लावतेय."



"तू लावतेयस?" आत्याने जरा वेळाने विचारलं.

"मग कोण लावणार? आई तर त्यांच्याबरोबरच येणारे."

"अगं, म्हणजे आजच?"

"हो, आजच. संध्याकाळी. घरातल्या घरात, फार कुणी नाहीये."

"अगं पण..." आत्याचा आवाज कापायला लागला. "मला एका शब्दाने सांगितलं नाही तुम्ही! मी काय नको म्हणणार होते? वहिनी तर मला म्हणाली, आधी लेकीशी बोलीन, मग बघू. आणि तुम्ही एकदम... निदान साडी तरी बरी नेसू देत तिला. काय काय केलंयस?"

"सलामी आणलीय, तीन प्रकारचं चीज..."

"चीज? पाटाला चीज?"

"पाटावरच लावतात ना चीज, आत्या."

 मग आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली, "अगं बाई. तू फळीबद्दल बोलतेयस."

"मग तू कशाबद्दल बोलतेयस?"

आत्याच्या वयाची माणसं नवरा गेलेल्या बाईने दुसरं लग्न केलं की तिने पाट लावला असं म्हणतात. हा अर्थ मलाही ठाऊक होता, पण कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलेल्या वस्तूसारखा. तो असा डोक्यात पडेल असं वाटलं नव्हतं. मी ओट्याला टेकले.

"आत्या, आई लग्न करतेय?"

"करतेय कुठे! म्हणजे तू हो म्हणालीस तर करतेय. जीभच कापून टाकायला हवी माझी." मग, आता सुटलंच आहे तर सुटू दे अशा थाटात, ती भराभरा बोलत गेली. माणूस भला आहे. त्यानेच विचारलं. आईने अजून उत्तर दिलेलं नाही. "मला म्हणाली, एकदा लेकीकडे घेऊन जाते. तिला माणूस पटला नाही तर मी तिथेच थांबेन. तिला कळूसुद्धा द्यायची नाही की असं काही मनात होतं. शपथ घातलीय तिने मला, आणि मी बघ, एका पाटावरून घसरले."

"तुला चालतंय हे?"

"माझा भाऊ गेला गं. वहिनी आहे की अजून." आत्याने नाक ओढलं. "मी सांगितलं म्हणू नकोस हं. आणि त्याच्याकडे नीट बघ. नुसती बघू नकोस, नीट बघ."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ काकड्यांची बाटली हातात धरून उभी होते. म्हणजे आज संध्याकाळी मी तोंड वाकडं केलं, जांभई दिली, बाळ रडतंय म्हणून मधूनच उठून गेले, तरी आई ते हो-नाही म्हणून वाचणार होती. नंतर घरी जाऊन ती चष्मेवाल्यांना काहीतरी गोड कारण सांगणार होती. आत्याची जीभ घसरली नसती तर मला कळलंही नसतं. मला राग आला, पण कुणाचा ते ठरेना. आईचा येत नव्हता. चष्मेवाल्यांचा यावा असं फार वाटत होतं.

मी पाटाकडे पाहिलं. द्राक्षं बाबा नेहमी ठेवायचे तशीच कोपऱ्यात ठेवली होती मी.

नवरा पाव घेऊन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला, मग पुन्हा त्याला हसू आवरेना.

"चष्म्याच्या दुकानात जाऊन जाऊन शेवटी आईंचा नंबर लागला म्हणायचा."

"तुला विनोद सुचतायत."

"बरं, नाही सुचत. तू काय ठरवलंयस?"

"मी नीट बघणारे."

"बघ. पण परीक्षेला बसवल्यासारखी बघू नकोस. माणूस खायला येतोय. तुझ्या वडिलांसमोर मी पहिल्यांदा बसलो होतो, तेव्हा ऑलिव्हची बी गिळली होती. थुंकायची कुठे तेच कळेना."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं आहे का ते?" पाव कापता कापता तो म्हणाला.

ती दोघं आली तेव्हा धाकटा जागा होता आणि नवऱ्याच्या खांद्यावरून सगळीकडे लाळ टपकवत होता. चष्मेवाले उंच, किडकिडीत, थोडे पुढे वाकलेले. वर्षानुवर्षं लोकांच्या नाकाशी नाक लावून पाहिल्यावर पाठ अशीच होत असेल. त्यांचा स्वतःचा चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि ते तो खिशात शोधत होते. आईने काही न बोलता स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. त्यांनी चष्मा खाली ओढला. हे त्यांच्यात पहिल्यांदा होत नव्हतं, एवढं कुणालाही कळलं असतं.

"हे आमचे चष्मेवाले," आई म्हणाली, आणि उगीचच हसली. तिच्या चष्म्याची चौकट नवी होती, गडद निळी. तिला शोभत होती. मी बोलले नाही.

भुंगासाठी त्यांनी काच नसलेली लाल चौकट आणली होती. ती नाकावर चढवून भुंगाने आम्हा सगळ्यांकडे पाळीपाळीने पाहिलं.

"दिसतंय का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"आधीपेक्षा बरं दिसतंय," भुंगा म्हणाली. ते मोठ्याने हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, "मग नंबर बरोबर निघाला." हा गुण मला द्यावा लागला.

मी पाट आणून मधल्या बुटक्या टेबलावर ठेवला. सुकवलेलं हॅम शेवटी मांडलं होतं. आधी काढलं तर त्याला घाम येतो. आईने पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान लावलायस गं," ती म्हणाली. हा शब्द आता इतका जड झाला होता की मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

पुढचा अर्धा तास मी नीट बघत होते. ते खाताना आवाज करत नव्हते. ऑलिव्हची बी मुठीत धरून बसले, तेव्हा नवऱ्याने वाटी पुढे सरकवली. त्याच्या चेहऱ्यावर एवढी सहानुभूती होती की मला तिकडे बघवेना. निळ्या चीजला त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. "वास येतो," म्हणाले. बाबांचं ते सगळ्यात आवडतं. मी मनातल्या मनात एक गुण कापला आणि लगेच मला माझीच लाज वाटली. आई कमी बोलत होती. बोलायच्या आधी ती माझ्याकडे पाहत होती, दर वेळी. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला जाताना मी बाबांकडे अशीच बघायचे.

नेहमीप्रमाणे मी आईची बशी भरली. पांढऱ्या चीजची कडेची फोड, जाड सालीची. आईला साल आवडते, हे आम्हा घरच्यांना पाठ आहे.

आईने बशी घेतली. "पुरे गं," म्हणाली.

मग चष्मेवाल्यांनी सुरी उचलली. पांढऱ्या चीजच्या त्रिकोणाकडे किंचित वाकून, काच बसवताना बघावं तसं त्यांनी पाहिलं आणि त्याचं पुढचं टोक आडवं, एका घावात कापलं.

"नाक कापलं!" भुंगा ओरडली. "मम्मा, त्यांनी चीजचं नाक कापलं!"

 चष्मेवाल्यांचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला.

यात भुंगाची चूक नव्हती. आमच्या घरातला हा एकच कडक नियम. गोल चीजमधून कापलेल्या त्रिकोणाचं टोक म्हणजे त्याचं नाक. ते चकतीच्या मध्यातून येतं म्हणून सगळ्यात मऊ, सगळ्यात मुरलेलं असतं. ते एकट्याने आडवं कापून घ्यायचं नाही. सुरी लांब चालवायची, टोकापासून सालीपर्यंत, म्हणजे प्रत्येकाला थोडं मऊ मिळतं आणि थोडी साल. पाट लागला की सुरी बाबांच्या, म्हणजे भुंगाच्या आबांच्या, हातात असायची. ते पाहुण्यांचं, आमचं, स्वतःचं, सगळ्यांचं सारख्या मापाचं कापायचे. त्यांच्या फोडींमध्ये अन्याय नसायचा. फक्त आई सगळ्यात शेवटी येऊन टेकायची आणि तोवर कडेची, जास्त सालीची फोड तेवढी उरलेली असायची.

"माझं काही चुकलं का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नाही नाही, पोरीचं काय ऐकताय," नवरा म्हणाला.

"नाक कापायचं नसतं," भुंगाने त्यांना समजावून सांगितलं. "मग बाकीच्यांना नुसती सालच राहते."

"असं होय? मला माहीत नव्हतं." सुरीच्या पात्यावर ते टोक तसंच होतं, हळूहळू पसरत चाललेलं. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग जे करायला निघाले होते तेच केलं. टोक आईच्या बशीत ठेवलं आणि बशीतली सालीची फोड उचलून स्वतःच्या बशीत घेतली. "यांना साल जात नाही ना. म्हणून."

"आईला साल आवडते," मी म्हणाले. माझा आवाज हवा त्यापेक्षा वर गेला होता.

चष्मेवाले गोंधळले. त्यांनी आईकडे पाहिलं. आई बशीकडे बघत होती.

"आई?"

"अगं, चालते मला," आई म्हणाली.

"चालते की आवडते?"

"चालते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच." ती हसली. नको त्या वेळी सापडल्यावर हसतात तशी. "घशात अडकते गं ती. कागद खाल्ल्यासारखी. पण तुम्ही सगळे इतक्या प्रेमाने ठेवायचात, आईची साल, आईची साल म्हणून... आणि तुझे बाबा इतकं मापात कापायचे. त्यात मध्येच काय बोलायचं?"

 आईने ते टोक पावावर न लावता तसंच चमच्याने खाल्लं. घाई केली नाही. एकदाच तिचे डोळे मिटले. मला आठवेना, आईला मी असं बसून, काही न वाढता, काही न उचलता खाताना शेवटचं कधी पाहिलं होतं. आणि चष्मेवाले समोर बसून ती साल चावत होते. त्यांनाही ती आवडत नसावी. दोनदा पाणी प्यायले.

मी कापलेला गुण परत दिला. मग वाटलं, गुण देणारी मी कोण?

धाकट्याने कुरकुर सुरू केली म्हणून मी त्याला घेऊन स्वयंपाकघरात गेले. रिकाम्या वाट्या घेऊन आई मागोमाग आली, मला वाटलंच होतं तशी. नळ सुरू केला, बंद केला. स्वच्छ असलेली सुरी पुसायला लागली.

"बरं वाटलं तुझ्याकडे," ती म्हणाली. "तसं काही खास कारण नव्हतं म्हणा. सहज आलो."

"आई, लग्न कधी करताय?"

सुरी पुसणारा हात थांबला.

"आत्याला मी शपथ घातली होती."

"आत्या काही बोलली नाही," मी म्हणाले. आत्याला उघडं पाडायचं तर निदान तिची लाज राखून. आईचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं, पण तिने ते सोडून दिलं.

"तुझे बाबा सोन्यासारखे होते," ती म्हणाली. "त्यांना काही कमी लेखतेय असं नाही हं. कधीच नाही."

"माहितीये मला."

"तुला जड जात असेल तर मी..."

"जड जातंय," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. बाळाच्या डोक्यावर गाल टेकवून उभी होते म्हणून आवाज सरळ राहिला. "ते माझं मी बघीन. तू थांबू नकोस."



"तुला पटले का पण?"

"आल्या आल्या दुसऱ्यांच्या घरात नाक कापतात," मी म्हणाले. "पण माणूस बरा आहे."

आई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. चष्मा काढून तिने पदराने डोळे पुसले. त्यात हसण्याचं किती होतं आणि दुसरं किती, ते मी विचारलं नाही. बाळाला तिचं हसणं इतकं नवीन होतं की ते कुरकुर विसरून तिच्याकडे बघायला लागलं. तिने त्याला माझ्याकडून घेतलं, कडेवर बसवलं आणि चष्मा हातातच धरून बाहेर गेली. बाहेरून चष्मेवाल्यांचा आवाज आला, "अहो, काचेला बोटं लागली, द्या इकडे." मग आई हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगायला लागली.

मी वाट्या पाण्यात घातल्या. मागे वळले तर दारात भुंगा उभी होती. नाकावर लाल चौकट, एका हातात सलामीचं शेवटचं फूल. केव्हापासून उभी होती कोण जाणे. गुणगुणत नव्हती.

"मम्मा, आजीला साल आवडत नाही?"

"नाही गं. आपल्याला माहीत नव्हतं."

"आबांना पण माहीत नव्हतं?"

"नाही. आबांना पण नाही."

तिने विचार केला. चौकट नाकावर नीट बसवली.

"पण आबांनी तर लगेच दिलं असतं तिला नाक," ती म्हणाली. "मग आजीने त्यांना सांगितलं का नाही?"